थरांच्या बेरजेने यकृत होत नाही

डिसेंबर २०१५ मध्ये बेंगळुरूच्या पँडोरम टेक्नॉलॉजीज या छोट्या कंपनीने त्रिमितीय छपाईच्या तंत्राने मानवी यकृताची ऊती तयार केल्याचे जाहीर केले. तुहिन भौमिक आणि अरुण चंद्रू यांनी २०११ मध्ये काढलेली ही कंपनी भारतीय विज्ञान संस्थेच्या, म्हणजे जुने बेंगळुरूकर आजही जिला टाटा इन्स्टिट्यूट म्हणतात त्या संस्थेच्या, आश्रयाने वाढलेली. काही मिलिमीटरांची ही जिवंत ऊती यकृताची काही कामे करते, अल्ब्युमिन स्रवते, रसायनांवर प्रक्रिया करते आणि तिचा पहिला उपयोग औषधांच्या चाचणीसाठी होईल, असे त्या घोषणेत होते. संपूर्ण अवयव हे दूरचे उद्दिष्ट म्हणून मांडले होते. पण बातमी तोंडोतोंडी गेली तशी मधली पायरी गळाली. ऊतीचे यकृत झाले, यकृतावरून गोष्ट प्रत्यारोपणावर गेली आणि ‘आता दात्याची वाट पाहावी लागणार नाही’ ही समजूत सुशिक्षित घरांतूनही रुजली.

या समजुतीचे खंडन करायचे तर आधी ती तिच्या सर्वांत भक्कम रूपात मांडायला हवी. पूर्वपक्ष असा: यकृताच्या पेशी शरीराबाहेर जगतात हे सिद्ध झाले आहे. शरीरात विरघळणाऱ्या पदार्थाच्या सच्छिद्र सांगाड्यावर त्या पेरल्या की त्यांचा थर तयार होतो. एक थर झाला तर दुसरा होईल, दुसऱ्यावर तिसरा चढेल. सांगाडा यथावकाश विरघळून जाईल आणि मागे निखळ यकृत उरेल. उरला प्रश्न आकाराचा, आणि आकाराचा प्रश्न पैसा आणि वेळ दिला की सुटतो. या विचाराला थोर वंशावळही आहे. बोस्टनचे बालशल्यविशारद जोसेफ व्हॅकांटी यकृताच्या प्रतीक्षेत मुले दगावताना पाहत होते. त्या तळमळीतून त्यांनी एमआयटीतले रसायन अभियंता रॉबर्ट लँगर यांच्या साथीने विरघळणाऱ्या सांगाड्यांवर पेशी वाढवण्याचे काम सुरू केले. १९९३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या त्यांच्या लेखापासून ऊती-अभियांत्रिकी ही शाखा जगभर ओळखली जाऊ लागली. म्हणजे हे स्वप्न उथळ माणसांचे नाही, आणि त्याला हसण्याचे काही कारण नाही.

अलीकडे याच पूर्वपक्षाचा एक जुळा भाऊ तयार झाला आहे. तो म्हणतो, दहा वर्षे झाली, कुठे आहे ते यकृत? पँडोरमनेसुद्धा पुढे आपला भर डोळ्याच्या कॉर्नियावर वळवला. सगळा गाजावाजाच होता. वरवर पाहता हे दोघे एकमेकांचे विरोधक, पण दोघांचे गृहीतक एकच आहे. प्रयोगशाळेतल्या यकृत-ऊतीचे मोल ती रुग्णाच्या पोटात बसवता येते की नाही यावरच ठरते, असे दोघेही मानतात. माझा वाद या गृहीतकाशी आहे. पातळ थर हे अपुरे राहिलेले यकृत नाही. त्याचे काम निराळे आहे, ते काम तो आजही करू शकतो, आणि भारताला त्या कामाची निकड आहे.

प्रथम थरावर थर या युक्तिवादाचा समाचार घेऊ. यकृतपेशीचा व्यास साधारण २० ते ३० मायक्रॉन असतो. रक्तवाहिनी नसलेल्या ऊतीत प्राणवायू झिरपत जातो तो १०० ते २०० मायक्रॉनपर्यंत, आणि यकृतपेशी प्राणवायूच्या बाबतीत अत्यंत खादाड असल्यामुळे त्यांच्या बाबतीत पल्ला आणखी आखडतो. म्हणजे एका बाजूने पुरवठा असेल तर फार तर पाच ते दहा थर, त्यापुढे आतल्या पेशी गुदमरून मरतात. पैसा ओतून ही मर्यादा हलत नाही, कारण ती विसरणाच्या भौतिक नियमाची आहे. तर्कशास्त्राच्या परिभाषेत ‘थर जगला, म्हणून अवयव होईल’ हा हेतू अनैकांतिक आहे. थर जगणे ही अवयवाची एक अट खरी, पण ती अट पुरी झाली तिथे अवयव झालाच, असे होत नाही.

निसर्गाने ही अडचण कशी सोडवली ते पाहिले की पूर्वपक्षाचा पायाच हलतो. प्रौढ माणसाचे यकृत सुमारे १.४ किलोचे. हृदयातून दर मिनिटाला निघणाऱ्या रक्तापैकी जवळजवळ चतुर्थांश त्यातून जाते, आणि त्यातले तीन-चतुर्थांश रक्त आतड्यांकडून पोर्टल शिरेवाटे येते. एवढा मोठा, भरीव दिसणारा हा अवयव सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर भरीव नसतोच. मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या षटकोनी खंडिका, आणि प्रत्येक खंडिकेत कडेपासून केंद्राकडे जाणारे पेशींचे पत्रे. हे पत्रे एकेका पेशीच्या जाडीचे असतात. पत्र्याच्या दोन्ही अंगांनी रक्ताच्या अतिसूक्ष्म वाहिन्या जातात आणि त्या वाहिन्यांच्या भिंतींनाही भोके असतात, त्यामुळे रक्तद्रव थेट पेशीला भिडतो. म्हणजे यकृत हा मुळातच पातळ थरांचा अवयव आहे. त्याची जाडी पेशींच्या ढिगातून आलेली नाही, रक्ताच्या वाटा आणि पेशींचे पत्रे एकमेकांत गुंफले गेल्यामुळे आली आहे. थर वाढवत नेण्याने आपण या रचनेच्या जवळ जात नाही, उलट दूर जातो.

पित्ताचे प्रकरण तर याहून अवघड, आणि लोकप्रिय वर्णनांत त्याचा उल्लेखही नसतो. यकृत दिवसाला अर्धा ते एक लिटर पित्त तयार करते. शेजारशेजारच्या दोन पेशींच्या मध्ये जी बारीक पन्हळ असते तिच्यात ते सोडले जाते आणि रक्ताच्या उलट दिशेने, केंद्राकडून कडेकडे वाहत पित्तनलिकेला मिळते. एकाच पत्र्यात दोन प्रवाह, दोन दिशा, आणि दोघांची सरमिसळ झाली तर कावीळ. बाहेर जायला वाट नसलेल्या ऊतीच्या गोळ्यात पित्त साचते आणि पेशींनाच जाळते. रक्तवाहिन्या कशाबशा तयार केल्या तरी पित्ताचा निचरा होत नसेल तर त्या गोळ्याला यकृत म्हणता येणार नाही.

तिसरी गोष्ट पेशींच्या श्रमविभागणीची. खंडिकेच्या कडेला रक्त ताजे, प्राणवायू भरपूर. केंद्राशी पोहोचेपर्यंत तो घटलेला. या उतारानुसार पेशींची कामे बदलतात. कडेच्या पेशी युरिया आणि साखर बनवण्यात पुढे, तर केंद्राजवळच्या पेशींत सायटोक्रोम पी-४५० गटातली विकरे जास्त, म्हणून औषधांची विल्हेवाट मुख्यतः तिथे लागते. पॅरासिटामॉलचा अतिडोस झाला की आधी केंद्राभोवतीच्या पेशी मरतात, त्याचे कारण हेच. सगळीकडे सारख्याच पेशी पेरून केलेल्या थरांत हा उतार आपोआप येत नाही.

आता व्यवहार पाहू. अमेरिकेच्या नासाने २०१६ मध्ये पाच लाख डॉलरची एक स्पर्धा जाहीर केली. एक सेंटिमीटरहून जाड अशी मानवी ऊती ३० दिवस जगवून दाखवायची आणि त्यात ८५ टक्क्यांहून अधिक पेशी जिवंत राहायला हव्यात. २०२१ मध्ये पहिली दोन बक्षिसे नॉर्थ कॅरोलिनातल्या वेक फॉरेस्ट संस्थेच्या दोन गटांनी मिळवली, आणि दोघांनीही यकृताचीच ऊती केली होती. जेलच्या छापील सांगाड्यात आधीच नाल्या ठेवून त्यांतून पोषणद्रव वाहता ठेवण्याची ती करामत आहे. मला हे यश फार मोठे वाटते. पण मोठे म्हणजे किती, तेही मांडायला हवे. प्रत्यारोपणात यकृताचा तुकडा रुग्णाच्या वजनाच्या साधारण ०.८ टक्के तरी असावा असा शल्यविशारदांचा ठोकताळा आहे. ६० किलोच्या माणसाला ४८० ग्रॅम. एक घन सेंटिमीटर म्हणजे अंदाजे एक ग्रॅम धरला तर तसे ४८० घन हवेत, आणि ते एकाच रक्तप्रवाहाला आणि एकाच पित्तमार्गाला जोडलेले हवेत. घन वाढवणे एक वेळ जमेल, खरी तटबंदी जोडणीची आहे.

यावर पूर्वपक्षातले चाणाक्ष लोक म्हणतात, पोटात बसवू नका, बाहेर ठेवा. डायलिसिससारखे रुग्णाचे रक्त पेशींवरून फिरवा. हाही प्रयोग होऊन गेला. सॅन दिएगोच्या व्हायटल थेरपीज या कंपनीने यकृताच्या गाठीपासून मिळवलेल्या पेशी नळकांड्यांत भरून असे यंत्र केले. मद्यामुळे यकृत निकामी होत चाललेल्या रुग्णांवरच्या मोठ्या चाचण्यांत ते २०१५ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये अपयशी ठरले. रुग्णांचे आयुष्य त्याने वाढले नाही. सॅन दिएगोच्याच ऑर्गनोव्होने २०१४ मध्ये छापील यकृत-ऊती औषधचाचणीसाठी बाजारात आणली, मग रुग्णात बसवायच्या ऊतीचा मार्ग धरला आणि २०१९ मध्ये तो सोडून दिला. या कंपन्यांचे संशोधक कमी कुवतीचे नव्हते. आपल्या हातातल्या वस्तूकडून त्यांनी न होणारे काम मागितले.

सांगाड्याविषयीही एक भाबडी कल्पना रूढ आहे, ती जरा सविस्तर पाहावी लागेल. विरघळणारा सांगाडा म्हणजे तात्पुरता आधार, काम झाले की आपोआप नाहीसा होणारा, इतके सरळ हे प्रकरण नाही. स्लॅबचे सेंटरिंग लवकर काढले तर स्लॅब बसतो, हे कुठलाही गवंडी सांगेल. इथे सेंटरिंग स्वतःच विरघळत असते आणि विरघळण्याचा वेग आधी ठरवून द्यावा लागतो. पॉलिग्लायकॉलिक आणि पॉलिलॅक्टिक आम्लांपासून केलेले पदार्थ शल्यविशारदांच्या ओळखीचे आहेत, आपोआप विरघळणारे टाके त्यांचेच असतात. दोन्ही समप्रमाणात मिसळलेले बहुवारिक महिना-दोन महिन्यांत झिजते, पॉलिकॅप्रोलॅक्टोनला दोन-तीन वर्षे लागतात. विरघळताना ही बहुवारिके आम्ल सोडतात. जाड तुकड्याच्या गाभ्यात ते आम्ल साचते आणि त्या आम्लामुळे झीज आणखी वेगाने होते. परिणामी बाहेरून शाबूत दिसणारा सांगाडा आतून पोखरलेला असतो, आणि पेशींना आम्लाचा चटका बसतो तो नेमका जिथे प्राणवायू आधीच कमी आहे तिथे. जाडी वाढवली की दोन्ही संकटे एकाच जागी येतात.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न कठीणपणाचा. फॅटी लिव्हरच्या तपासणीत अनेकांनी फायब्रोस्कॅन करून घेतलेला असतो. त्यात यकृत किती कडक आहे ते किलोपास्कलमध्ये मोजतात. निरोगी यकृत पाचेक किलोपास्कलच्या आसपास. बारा-तेराच्या वर आकडा गेला की डॉक्टर सिरॉसिसची शंका घेतात. निरोगी यकृतात पेशींना धरून ठेवणारे तंतू अगदी थोडे असतात, आणि ते वाढणे हाच सिरॉसिसचा मार्ग. आता प्रयोगशाळेतली नेहमीची प्लास्टिकची थाळी याच्या लाखो पटींनी कडक असते. अशा पृष्ठभागावर यकृतपेशी काही दिवसांतच चपट्या होतात, आपली विकरे गमावतात आणि नावापुरत्या यकृतपेशी उरतात. म्हणून सांगाडा मऊ हवा आणि तो वेळेवर जायला हवा. उशिरा जाणारा कडक सांगाडा म्हणजे निरोगी पेशींना सिरॉसिसच्या घरात राहायला लावणे आहे. ‘मजबूत सांगाडा’ हे वर्णन या क्षेत्रात कौतुकाचे मानू नये.

याच कारणाने रेशमाकडे अनेक संशोधक वळले. कोशाचा चिकट सेरिसिन काढून टाकला की उरणारे फायब्रॉइन हे प्रथिन शरीराला सहसा मानवते, विरघळण्याचा त्याचा वेग बदलता येतो आणि त्यापासून मऊ, सच्छिद्र स्पंज करता येतो. गुवाहाटीच्या आयआयटीत बिमन मंडल यांच्या गटाने रेशमी सांगाड्यांवर यकृतपेशी वाढवण्याचे काम केले आहे. बेंगळुरूपासून तासा-दीड तासाच्या अंतरावर रामनगरची कोशबाजारपेठ आहे, आशियातल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक. केंद्रीय रेशीम मंडळाचे मुख्यालयही बेंगळुरूतच. इतका कच्चा माल आणि इतक्या प्रयोगशाळा एका जिल्ह्याच्या आत-बाहेर असलेले दुसरे शहर मला जगात दिसत नाही, आणि म्हणून इथे कोणता प्रश्न हाती घेतला जातो याला महत्त्व आहे.

खंडन इथवर. आता मंडन.

१९८९ मध्ये बोस्टनमध्ये जेम्स डन, मार्टिन यार्मुश, रोनाल्ड टॉम्पकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा वाटणारा प्रयोग केला. कोलॅजेनच्या जेलवर यकृतपेशी ठेवल्या की त्या आठवड्याभरात निष्प्रभ होत. त्यांनी वरून कोलॅजेनचा आणखी एक थर घातला. पेशींना खाली-वर दोन्हीकडून शरीरातल्यासारखा स्पर्श मिळाला, त्यांना दिशा कळली, त्यांच्यामध्ये पित्ताच्या पन्हळी तयार झाल्या आणि कित्येक आठवडे त्या अल्ब्युमिन स्रवत राहिल्या. पेशींची संख्या वाढली नव्हती. जाडीही नगण्यच वाढली होती. पुढे एमआयटीतल्या संगीता भाटिया आणि त्यांचे सहकारी सलमान खेतानी यांनी २००८ मध्ये यकृतपेशींची सूक्ष्म बेटे आखून त्यांच्याभोवती आधारपेशी पेरल्या, आणि त्या व्यवस्थेतही पेशी आठवडेच्या आठवडे आपले गुण राखून राहिल्या. या दोन प्रयोगांतून मला सिद्धान्त मिळतो तो असा: थर रचण्याचे फळ जाडीत शोधू नये, ते पेशीच्या टिकाऊ स्वभावात शोधावे. पेशी कुणाला लागून आहे, कशाला टेकली आहे, तिच्या कुठल्या अंगाला काय आहे, यावर ती यकृतपेशी राहते की नाही हे ठरते.

आणि हा टिकाऊपणा कशासाठी, याचे उत्तर १९९३ मधल्या एका शोकांतिकेत आहे. कावीळ-बी वरचे फियालुरिडीन नावाचे औषध प्राण्यांवरच्या चाचण्यांत निर्धोक दिसले होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत १५ रुग्णांना ते दिले गेले. कित्येक आठवडे सगळे सुरळीत होते. मग एकेकाचे यकृत कोसळू लागले. सात जणांना गंभीर इजा झाली, पाच जण दगावले, दोघे यकृत-प्रत्यारोपणामुळे वाचले. औषध मानवी पेशींच्या मायटोकाँड्रियात शिरत होते. उंदरांच्या मायटोकाँड्रियात ते तसे शिरत नाही, म्हणून उंदीर बचावले आणि माणसे मेली. या घटनेत दोन धडे आहेत. एक, यकृताच्या बाबतीत उंदराची साक्ष माणसाला लागू पडेलच असे नाही. दोन, काही विषे उशिरा उमटतात, म्हणून चार दिवस जगणारी पेशी त्यांना पकडू शकत नाही. त्यासाठी कित्येक आठवडे आपला स्वभाव राखणारी मानवी ऊती हवी. विरघळणाऱ्या मऊ सांगाड्यावरचा पातळ थर देऊ शकतो ती नेमकी ही गोष्ट.

भारताला याची गरज का, ते सांगायला क्षयरोग पुरेसा आहे. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे चतुर्थांश आपल्याकडे. सहा महिन्यांच्या उपचारातली आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही तिन्ही औषधे यकृताला इजा करू शकतात. आयसोनियाझिडची विल्हेवाट लावणारे एनएटी-२ हे विकर कुणात वेगाने चालते, कुणात मंद, आणि भारतीयांत मंद गतीवाल्यांचे प्रमाण मोठे आहे. इजेचा धोका त्यांना अधिक. प्रयोगशाळेतल्या उंदराला हा भारतीय वारसा ठाऊक नाही. वेगवेगळ्या भारतीय दात्यांच्या पेशींचे थर तयार झाले तर नव्या क्षयौषधाचा धोका कुणाला किती, हे रुग्णाला गोळी देण्याआधी पाहता येईल. दुसरे उदाहरण विवॅक्स मलेरियाचे. त्याचा परोपजीवी मानवी यकृतपेशीत महिनोन्महिने सुप्त पडून राहतो आणि मग पुन्हा ताप आणतो. उंदरात तो वाढत नाही. भाटियांच्या गटाने त्यांच्या यकृतपेशींच्या बेटांवर मलेरियाची यकृतातली अवस्था वाढवून दाखवली. आपल्याकडे विवॅक्सने पुन्हा पुन्हा आजारी पडणाऱ्या माणसांसाठी हे संशोधन छापील यकृताच्या स्वप्नाहून कितीतरी जवळचे आहे.

हा केवळ आशावाद नाही, मोजमाप झाले आहे. बोस्टनच्या एम्युलेट कंपनीने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मानवी यकृतपेशींचे थर बसवलेल्या ८७० चिपांवर २७ औषधे तपासली. प्राण्यांची चाचणी पार करून पुढे माणसाच्या यकृताला घातक ठरलेली औषधे त्यात होती. घातक औषधांपैकी ८७ टक्के या चिपांनी ओळखली आणि एकाही निर्धोक औषधावर खोटा ठपका ठेवला नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेने नव्या औषधासाठी प्राणिचाचणीची कायदेशीर सक्ती काढली. मार्च २०२३ मध्ये भारतानेही नवीन औषधे व क्लिनिकल चाचणी नियमांत दुरुस्ती करून पेशी आणि ऊतींवर आधारित अशा पद्धतींना स्थान दिले. कायद्याने दार उघडले आहे. आत जायला मोजके, पुनरावृत्त होणारे, स्वस्त थर हवेत.

यावर दोन आक्षेप प्रामाणिक आहेत. पहिला: पेशी कुठून आणायच्या? दात्याच्या यकृतातल्या पेशी मोजक्या, आणि एका दात्याच्या पेशी म्हणजे एकाच माणसाची विकरे. मूलपेशींपासून यकृतपेशी करता येतात, पण त्या बहुधा गर्भावस्थेतल्यासारख्या अपक्व राहतात. आक्षेप खरा आहे. तो सोडवण्याची सामग्रीही याच शहरात आहे. जवाहरलाल नेहरू सेंटरमध्ये मनीषा इनामदार यांनी बीजेएनहेम-१९ आणि बीजेएनहेम-२० या मानवी भ्रूणमूलपेशींच्या वंशरेषा तयार केल्या. पुढे त्या बेंगळुरूच्याच इनस्टेम संस्थेच्या संचालक झाल्या. भारतीय पेशींचा असा संग्रह वाढवणे हे काम कुठल्याही छपाईयंत्रापेक्षा आधी करायला हवे. दुसरा आक्षेप: थरात प्रतिकारशक्ती नाही, मूत्रपिंड नाही, संपूर्ण शरीराची गुंतागुंत नाही, मग प्राण्यांच्या चाचण्या बंद करणार का? तसे मी म्हणत नाही. प्रतिकारशक्तीच्या गडबडीतून होणारी यकृताची इजा साध्या थराला दिसणार नाही. दोन्ही साक्षी घ्याव्यात आणि जिथे विरोध दिसेल तिथे मानवी ऊतीची साक्ष दुर्लक्षू नये, एवढीच मागणी आहे.

पँडोरमच्या कॉर्नियाकडे वळण्याला अपयश म्हणणाऱ्यांना एक विचारतो. कॉर्निया म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर, आणि त्यात रक्तवाहिनी नसते. असली तर तो पारदर्शक राहणार नाही. वर सांगितलेल्या सगळ्या अडचणी ज्या अवयवात कमीत कमी आहेत, तो हा. त्या निवडीमागे कंपनीचा हिशेब काहीही असो, थरांच्या विद्येला रुग्णाच्या शरीरात पहिले यश अशाच जागी मिळण्याचा संभव आहे. याला पळ काढणे म्हणणाऱ्याने विसरणाचे गणित पाहिलेले नाही.

आता या चुकीच्या समजुतीचे नुकसान. एक नुकसान संशोधनाचे आहे. अवयवाचे आश्वासन मागितले जाते, तेव्हा अनुदानाचे अर्जही अवयवाचेच लिहिले जातात आणि विकरांची मोजणी, दात्यांची विविधता, दोन प्रयोगशाळांत सारखा निकाल येणे असली कंटाळवाणी पण निर्णायक कामे मागे पडतात. दुसरे नुकसान माणसांचे आहे, आणि मला त्याची चिंता जास्त वाटते. भारतात पहिली यशस्वी यकृत-प्रत्यारोपणे १९९८ मध्ये झाली. आजही आपल्याकडची बहुसंख्य प्रत्यारोपणे जिवंत दात्यांच्या बळावर होतात. बायको, भाऊ, मुलगी आपल्या यकृताचा मोठा भाग कापून देते. उरलेले यकृत काही महिन्यांत वाढून भरून येते हे खरे, पण निरोगी माणसाने घेतलेला तो जिवाचा धोका असतोच. मेंदूमृत्यूनंतर दान झाले तर हा धोका टळतो. १९९४ च्या कायद्याने त्याला मान्यता आहे, पण दहा लाख लोकसंख्येमागे वर्षाला एक दातासुद्धा देशाला मिळत नाही. अशा देशात ‘यकृत आता छापता येईल’ हे वाक्य निरुपद्रवी राहत नाही. अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या कुटुंबाला निर्णय टाळायला ते एक सबब पुरवते.

वृत्तपत्रांत यापुढे प्रयोगशाळेतल्या यकृताची बातमी आली की वाचकाने तीन गोष्टी शोधाव्यात: ऊती किती जाड, किती दिवस जगली, आणि पित्ताचे काय केले. ही उत्तरे नसतील तर ती यकृताची बातमी नाही, आणि असतील तर बहुधा ती औषधचाचणीची चांगली बातमी असेल. अवयवदानासाठी मात्र थांबू नका. बेंगळुरूत राहणाऱ्यांनी कर्नाटक शासनाच्या ‘जीवसार्थकते’कडे, महाराष्ट्रातल्यांनी मुंबई, पुणे, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राकडे आपली इच्छा नोंदवावी. आणि त्याच दिवशी घरच्यांना ती स्पष्ट सांगावी, कारण रुग्णालयात प्रत्यक्ष वेळ येते तेव्हा संमती त्यांच्याकडेच मागितली जाते.